शासनमान्य, आयएसओ, होलोग्राम : इलेक्ट्रिशियनच्या कोर्सचा कागद वाचायचा कसा

भाच्याचं प्रमाणपत्र अजून माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे. जाड गुळगुळीत कागद, कडेनं सोनेरी वेलबुट्टी, वर तीन शिक्के, खाली चमचमतं होलोग्राम, कोपऱ्यात क्यूआर कोड. ‘डिप्लोमा इन इलेक्ट्रिशियन अँड वायरमन’, कालावधी सहा महिने, श्रेणी ‘अ’. माझ्या बहिणीनं त्यासाठी सोयाबीनच्या पट्टीतले अठ्ठावीस हजार मोजले होते. पुढं एका कारखान्यात अप्रेंटिसच्या जागेसाठी कागदपत्रं तपासायला बोलावलं. टेबलामागच्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “आयटीआयचं कुठंय?” पोरगं म्हणालं, “हेच की.” बाईंनी कागद परत दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

रात्री मी तो कागद चष्मा लावून वाचला. त्यावर एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. संस्था नोंदणीकृत होती, आयएसओचा नंबर होता, पोरगं सहा महिने रोज जात होतं. फसवणूक होती ती न लिहिलेल्या गोष्टींत. तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की गावाकडची चार-दोन माणसं कोर्सची पत्रकं घेऊन माझ्याकडं येतात. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथं क्रमानं लिहितो.

पायरी १ : कोर्स बाजूला ठेवा, नोकरीची जाहिरात हातात घ्या

आपल्याकडं उलटं होतं. आधी कोर्स, मग नोकरी शोधायची. तुम्ही शेवटाकडून सुरुवात करा. पोराला नेमकं काय व्हायचंय? महावितरणमध्ये जायचंय, वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीत मेंटेनन्सला लागायचंय, जालन्याच्या स्टील कारखान्यात जायचंय, की गावातच वायरिंग आणि मोटारीची कामं करायचीत? प्रत्येकाचा कागद वेगळा.

महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीची जुनी जाहिरात नेटवर सहज मिळते. डाउनलोड करा आणि पात्रतेचा रकाना शब्द न शब्द वाचा. शालेय शिक्षणाच्या अटीबरोबर तिथं राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीव्हीटीची, इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लिहिलेली असते. नाहीतर राज्याच्या व्यवसाय शिक्षण मंडळाचा त्याच विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. रेल्वेच्या टेक्निशियन ग्रेड ३ च्या जाहिरातीत दहावीबरोबर एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचं, म्हणजे राज्याच्या परिषदेचं, आयटीआय लागतं, किंवा अप्रेंटिस कायद्याखालची पूर्ण केलेली अप्रेंटिसशिप. ‘सहा महिन्यांचा डिप्लोमा’ हे शब्द यांतल्या कुठल्याच रकान्यात सापडायचे नाहीत.

मग त्या रकान्याची छापील प्रत घेऊन कोर्सवाल्याच्या ऑफिसात जा, बोट ठेवून विचारा : “तुमचा कागद यातल्या कोणत्या ओळीत बसतो, ते पेनानं खूण करून सही करा.” मी तीन ठिकाणी विचारलं. एकानं चहा मागवला, एकानं “साहेब मीटिंगमध्ये आहेत” म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं विषय काढला लातूर पॅटर्नचा. सही कुणीच केली नाही.

पायरी २ : कागदांची जात ओळखा

वीजकामात चालणारे कागद मोजकेच आहेत. ते एकदा डोक्यात बसले की बाकीचे आपोआप वेगळे दिसतात.

पहिला आयटीआयचा. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांची, प्रवेशाला दहावी लागते. वायरमन, म्हणजे सरकारी मराठीत तारतंत्री, तीही दोन वर्षांची. परीक्षा देशभर एकच, ती पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, लोक त्यालाच एनटीसी म्हणतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, राज्यातला कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाचा, बोलीभाषेत डीव्हीईटीचा. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रानं एनसीव्हीईटी नावाची नवी परिषद अधिसूचित केली आणि ऑगस्ट २०२० पासून ती कामाला लागली. जुनं एनसीव्हीटी आणि नवं एनसीव्हीईटी यांत एका अक्षराचा फरक, त्यामुळं लोकांचा गोंधळ होतो. त्या गोंधळावर पोट भरणारेही आहेत. दोन्हींशी मिळतीजुळती आद्याक्षरं जुळवून ‘कौन्सिल’ नावाच्या खाजगी संस्था उभ्या राहतात.

दुसरा अप्रेंटिसचा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत प्रत्यक्ष काम, महिन्याला विद्यावेतन, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते आणि ती फुकट असते. यात पैसा कंपनी पोराला देते. पोराला कुणी “अप्रेंटिस लावून देतो, पंधरा हजार द्या” म्हणत असेल, तर पुढचं ऐकत बसू नका.

तिसरा पदविकेचा. दहावीनंतर तीन वर्षांचं पॉलिटेक्निक, कॉलेजला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मंजुरी, परीक्षा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. दोन वर्षांचं आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. ही एक झकास कसोटी आहे. कोर्सवाल्याला विचारा, “तुमच्या डिप्लोमावर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?” ‘डिप्लोमा’ हा शब्द छापायला कुणी अडवत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर हवेत देता येत नाही. पत्रव्यवहारानं तांत्रिक पदवी देणाऱ्यांना तर सर्वोच्च न्यायालयानंच नोव्हेंबर २०१७ च्या निकालात चाप लावलाय. एआयसीटीईच्या मंजुरीशिवाय दूरशिक्षणानं दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या न्यायालयानं ग्राह्य धरल्या नाहीत.

चौथा अल्पमुदतीच्या कौशल्य कोर्सचा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे, राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान आहे. यांतला असिस्टंट इलेक्ट्रिशियनसारखा कोर्स खरा असतो, सरकारी असतो आणि प्रशिक्षणार्थीला मोफत असतो. फक्त तो आयटीआयच्या तोडीचा नसतो. हेल्पर म्हणून हात चालायला लागावा, इतपत त्याची मजल. खोटा कोर्स ओळखणं सोपं आहे हो. खरा पण छोटा कोर्स मोठ्या भावानं विकला जातो, तेव्हा भलेभले फसतात.

पाचवा कागद शिक्षणाचा नसून परवान्याचा आहे. त्यावर पुढं वेगळं लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त थापा तिथंच मारल्या जातात.

पायरी ३ : पत्रकावरचे शब्द सोलून पाहा

एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि मोंढ्याच्या कोपऱ्यावर लागलेली पत्रकं मी फोटो काढून जमवलीत. शब्द फिरून फिरून तेच.

‘शासनमान्य’ वाचलं की तीन प्रश्न विचारायचे : कोणत्या विभागानं, कोणत्या तारखेच्या पत्रानं, कोणत्या कोर्सला? मान्यता संस्थेला असते, ट्रेडला असते आणि तुकडीलाही असते. फिटरची मान्यता असलेल्या संस्थेनं इलेक्ट्रिशियनची पोरं भरली, तर त्यांना हॉल तिकीट येणार नाही.

‘नोंदणीकृत संस्था’ म्हणजे काय? १८६० च्या सोसायटी कायद्याखाली मंडळ नोंदवता येतं, १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट, कंपनी कायद्याखाली कंपनी. भजनी मंडळही नोंदणीकृत असू शकतं. माझ्या दुकानाचं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, त्यावर भारत सरकारचं नाव आहे, क्यूआर आहे. त्या जोरावर मी उद्या इंजेक्शन द्यायला शिकवू का?

‘आयएसओ ९००१’ ही संस्थेचा कारभार ठरलेल्या पद्धतीनं चालतो एवढं सांगणारी खूण. ती खाजगी प्रमाणन कंपन्या देतात. कोर्सची सरकारी मान्यता तिच्यात कुठंच येत नाही. ‘नीती आयोगाकडे नोंद’ म्हणजे बहुतेक वेळा स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवर नाव घातलेलं असतं. कोर्सला मान्यता देणं हे नीती आयोगाचं कामच नाही.

माझा लाडका शब्द मात्र ‘पॅटर्न’. ‘एनसीव्हीटी पॅटर्नप्रमाणे अभ्यासक्रम.’ म्हणजे पुस्तक तेच, परीक्षा आमची, शिक्का आमचा. पैठणीच्या पॅटर्नची साडी आणि पैठणी यांतला फरक आपल्या आयाबायांना समजावून सांगावा लागत नाही, मग हाही लागू नये.

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ दिसली की ते लेखी मागा : कंपनीचं नाव, पगार, किती दिवसांत, नाही मिळाली तर फी परत की नाही. लेखी देताना हमीचं ‘सहाय्य’ होतं आणि सहाय्याचा अर्थ एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती टाकणं.

पायरी ४ : पोर्टलवर तपासा, पण पत्ता स्वतः टाइप करून

डीव्हीईटीच्या आयटीआय प्रवेश पोर्टलवर सरकारी आणि खाजगी आयटीआयची जिल्हावार यादी असते. संस्थेचं नाव, ट्रेड आणि जागा तिथं दिसतात. इलेक्ट्रिशियनची तुकडी वीसची असते. पोर्टलवर एक तुकडी आणि वर्गात साठ पोरं, तर वरची चाळीस कुणाच्या नावावर बसलीत हे विचारायलाच हवं. केंद्राच्या स्किल इंडिया डिजिटल हबवरही संस्था आणि कोर्स शोधता येतात. छोट्या कोर्सचं नाव राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, म्हणजे एनसीव्हीईटीच्या एनक्यूआरमध्ये, जुळवून पाहा. तिथं नावाबरोबर कोड, स्तर आणि तास असतात. पत्रकावरचं नाव आणि तिथलं नाव तंतोतंत एक असायला हवं.

कोर्सवाल्यानं पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. भाच्याच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर मी मोबाईलनं स्कॅन केला, लगेच हिरवी खूण आली : ‘व्हेरिफाइड’. पत्ता पाहिला तर त्याच संस्थेची वेबसाइट. चोरालाच विचारलं, तू साव का, तर तो हो म्हणणारच! सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. ‘गव्ह’ हा शब्द मध्ये कुठंतरी आणि शेवटी ‘डॉट ऑर्ग’ किंवा ‘डॉट कॉम’ असेल, तर ती सरकारी साइट नव्हे. खरं आयटीआय प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्येही काढता येतं. म्हणून जुन्या विद्यार्थ्याला गाठा आणि म्हणा, “डिजिलॉकर उघड आणि तुझं सर्टिफिकेट दाखव.” याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

नेटचं जमत नसेल तर जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये पत्रक घेऊन सरळ जा. तिथले निदेशक दोन मिनिटांत सांगतात. संभाजीनगरला डीव्हीईटीचं प्रादेशिक कार्यालय आहे, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या माणसानं तिथं लेखी विचारावं. उत्तर टाळलं तर माहितीचा अधिकार आहेच : अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. प्रश्न एकच ठेवा : अमुक संस्थेला अमुक सत्रासाठी इलेक्ट्रिशियन ट्रेडची किती तुकड्यांची संलग्नता आहे, पत्राची प्रत द्यावी.

पायरी ५ : वर्कशॉप पाहिल्याशिवाय पैसे नाहीत

आता माझ्या आवडीचा भाग. ऑफिसातल्या सोफ्यावर बसू नका, आधी बाहेर जाऊन वीजमीटर पाहा. सिंगल फेज मीटर असेल तर तिथं थ्री-फेज मोटार चालतच नाही. मग मोठी मोटार सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर कसा शिकवणार? फळ्यावर. एका ठिकाणी मला भिंतीला टांगलेली साडेसात एचपीची मोटार मोठ्या अभिमानानं दाखवली. खाली सप्लायच नव्हता. ती शोभेची.

आत गेल्यावर पाहायचं ते असं. वायरिंगचे बोर्ड पोरागणिक आहेत का, की वीस पोरं एका बोर्डाभोवती? कंड्यूट आणि केसिंग-कॅपिंग दोन्ही करून घेतात का? उघडलेला डीओएल स्टार्टर, कंटॅक्टर, ओव्हरलोड रिले हाताळायला मिळतात का? रिवाइंडिंगला जुन्या मोटारी आहेत का? क्रिंपिंग टूल, क्लॅम्प मीटर, मेगर, अर्थ टेस्टर आहेत का? मेगर दिसला तर एखाद्या पोराला म्हणा, लावून दाखव. घरगुती वायरिंगचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनं पाहतात आणि निदान एक मेगओम तरी यायला हवं, एवढं पहिल्या वर्षाच्या पोराला येत असतं. खोक्यातून काढलेला नवा कोरा मेगर आणि त्याच्याकडं परग्रहावरची वस्तू असल्यासारखं बघणारी पोरं दिसली, की समजून जा.

जमिनीवर रबरी मॅट, भिंतीवर विजेचा धक्का बसल्यावर करायच्या उपचारांचा तक्ता, बोर्डात वीजगळती झाली की सप्लाय तोडणारा आरसीसीबी, अंगणात अर्थिंगचा खड्डा. वीज शिकवणाऱ्याच्याच घरात अर्थिंग नसेल, तर तिथं पोरगं पाठवायचं कशाला? शिकवणारा कोण तेही विचारा. आयटीआयच्या निदेशकांसाठी सीआयटीएस नावाचं वेगळं प्रशिक्षण आहे. ते झालेला माणूस आहे का, की गेल्या वर्षी पास झालेलंच पोरगं यंदा मास्तर झालंय?

हजेरी हाही एक पुरावाच. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते. ‘घरी बसून आयटीआय’, ‘फक्त परीक्षेला या’, ‘दोन वर्षांचं एका वर्षात’ असं सांगणारा माणूस एकतर नियम मोडतोय, नाहीतर तुम्हाला गंडवतोय. काम करता करता हात तयार झालेल्या माणसांना बाहेरून परीक्षेला बसण्याची रीतसर सोय आहे, पण तिला अनुभवाच्या अटी आहेत आणि अर्ज आयटीआयमार्फत जातो, एजंटमार्फत नाही.

इतकं का खोदून बघायचं, तर चुकीच्या कागदानं नुसते पैसे जात नाहीत. दोन वर्षांपूर्वी असंच एक ‘डिप्लोमा’वालं पोरगं माझ्याकडं कामाला आलं. एका विहिरीवरच्या स्टार्टरची अर्थिंगची तार त्यानं कापून टाकली. का रे बाबा? म्हणे, “मामा, तिच्याशिवाय पण मोटार चालते की.” चालते, खरंय. ओल्या बांधावर अनवाणी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा हात मोटारीच्या बॉडीला लागेपर्यंत चालते. आमच्याकडं रब्बीत डीपी जळाली, फ्यूज उडाला, की लाईनमनची वाट न बघता गावातला ‘झिरो वायरमन’ खांबावर चढतो. त्या पोरांना कागदही नाही, विमाही नाही. निदान कोर्स केलेल्यानं तरी सप्लाय बंद करून, लाईन अर्थ करून मगच हात घालायला शिकलेलं असावं.

पायरी ६ : फी, पावती, मूळ कागद

सुलभ हप्ते म्हणून जी सही घेतात, ती पुष्कळदा फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या अर्जावर असते. फी एकरकमी संस्थेला पोचते, हप्ते तुमच्या खात्यातून जात राहतात. पोरगं पंधरा दिवसांत कोर्स सोडून आलं तरी हप्ता थांबत नाही. कर्ज कुणाचं, व्याज किती, कोर्स सोडला तर काय, हे वाचल्याशिवाय आधार आणि ओटीपी देऊ नका.

पैसे संस्थेच्या बँक खात्यात भरा, संचालकाच्या वैयक्तिक नंबरवर नको. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, कोर्सचं पूर्ण नाव, कालावधी आणि प्रमाणपत्र कोण देणार हे लिहून घ्या. पावतीवर नुसतं ‘देणगी’ लिहिलं असेल तर घेऊ नका, पुढं ती फी होती हे सिद्ध करता येत नाही. पत्रक जपून ठेवा. फोनवर जे बोलणं झालं ते त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : “सर, आपण सांगितलं की हे प्रमाणपत्र महावितरणला चालतं, बरोबर ना?” उत्तर येवो न येवो, मेसेज राहतो.

शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं मूळ मार्कमेमो खाजगी वर्गाकडं ठेवायचं काहीच कारण नाही. आयटीआय प्रवेशाला मूळ दाखला लागतो आणि तो नेमका तेव्हाच वर्गवाल्याच्या कपाटात अडकलेला असतो. बहिणीला तो सोडवायला तीन चकरा माराव्या लागल्या.

परवान्याची थाप

“आमच्या कोर्सनंतर सरकारी लायसन्स मिळतं.” हे वाक्य ऐकलं नाही असा एकही वर्ग मला सापडला नाही. वस्तुस्थिती अशी आहे की प्रमाणपत्र सांगतं, माणूस काय शिकला. परवाना सांगतो, त्याला कोणतं काम करायची मुभा आहे. परवाने राज्याच्या ऊर्जा विभागाकडच्या अनुज्ञापक मंडळाचे : तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. प्रत्येकाला शिक्षण आणि अनुभवाच्या वेगळ्या अटी. वीज बसवण्याचं काम परवानाधारक ठेकेदारानं, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून आहे. आज तोच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत आहे.

कोर्सवाल्यांच्या ‘लायसन्स’वर कधी राजमुद्रा असते, कधी ओळखपत्रासारखी दोरी असते. ते घेऊन आपल्या जिल्ह्यासाठीच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जा. तिथं अटींची यादी मिळते आणि अर्ज कसा करायचा तेही सांगतात. कुणी “बॅक डेट अनुभवाचा दाखला करून देतो” म्हणालं तर हात जोडून बाहेर पडा. खोटा दाखला करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या ३३६ आणि ३४० कलमांखाली गुन्हे आहेत. एजंट सुटतो, सही पोराची असते.

सोलर आणि आखात

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, सौर कृषी पंपांचीही लाट आली आणि तीन दिवसांचे ‘सोलर इंजिनिअर’ कोर्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. तीन दिवसांत पॅनल कसं दिसतं ते कळतं. पॅनलच्या बाजूची डीसी वीज स्विच ओढल्यावर एसीसारखी निमूट तुटत नाही, ठिणगीची कमान धरते. उन्हात पॅनल बंद करता येत नाही. हे हाताखालून घालवून शिकायचं काम आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ मध्ये सुरू झालेला सूर्यमित्र कोर्स सहाशे तासांचा आणि मोफत आहे. पैसे मागणारा ‘सूर्यमित्र’ दिसला तर आधी त्या संस्थेच्या साइटवर केंद्राचं नाव शोधा.

दुबई-कतारच्या आमिषानं कोर्स विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात : परदेशी नोकरीचा एजंट केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा आणि त्याला तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कोर्सची फी वेगळी आणि व्हिसाची वेगळी असं सांगून हा आकडा ओलांडला जातो.

पैसे भरून बसला असाल तर

आधी पोराचं वर्ष वाचवा, भांडण नंतर. आयटीआय प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतील तर फॉर्म भरून टाका, शेवटी संस्था स्तरावरची फेरीही असते. शासकीय आयटीआयची फी या वर्गांच्या मानानं काहीच नाही.

मग लेखी अर्ज. संस्थेच्या नावानं, स्पीड पोस्टानं, पोच ठेवून : अमुक पत्रकात अमुक दावा, प्रत्यक्षात अमुक कार्यालयाचं उत्तर असं, पंधरा दिवसांत फी आणि मूळ कागद परत करा. सरकारी कार्यालयाचं लेखी उत्तर जोडलेला अर्ज आणि नुसता रागानं लिहिलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं, म्हणून चौथ्या पायरीतला माहिती अधिकाराचा अर्ज आधी करा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तक्रार मराठीत नोंदवता येते. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची खोटी हमी, कोर्सबद्दलचे आणि फीबद्दलचे फसवे दावे त्यांत येतात, तक्रारीत त्यांचा उल्लेख करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. रीतसर शिक्षणसंस्था ‘सेवा’ देते की नाही यावर तिथं वाद घातला जातो. अशा वेळी ‘ही मान्यताप्राप्त संस्थाच नाही’ हे सरकारी उत्तर तुमच्याच कामाला येतं. ऑनलाइन पैसे भरून माणूस गायबच झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. दिवस गेला की पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पांगलेले असतात. शिक्के, सह्या बनावट असतील तर पोलीस ठाणं.

आमच्या बहिणीनं संस्थेला अर्ज पाठवला, सोबत डीव्हीईटीचं उत्तर जोडलं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, “ताई, आपण घरचेच आहोत, प्रकरण वाढवू नका.” अठ्ठावीसांतले सोळा हजार परत मिळाले, बाकीचे ‘पुस्तक आणि ड्रेस’मध्ये गेले म्हणे. ड्रेस तेवढा अजून आहे. भाचा आता वायरमन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत कामावर येताना तोच निळा शर्ट घालतो, खिशावर त्या संस्थेचं नाव शिवलेलं. उसवून टाक म्हटलं तर म्हणतो, “राहू द्या मामा, बारा हजारांचा आहे.”